झोळीला चार खांदे

पावसाळ्यात शहापूर तालुक्यातल्या एखाद्या आडबाजूच्या पाड्यावर मध्यरात्री बाईला कळा सुरू झाल्या आणि पाड्यापर्यंत गाडीरस्ता नसला, तर काय लागतं? एक जाड बांबू, एक चादर नाहीतर घोंगडी आणि झोळी उचलायला चार खांदे. वाट चिखलाची असली, मध्ये ओढा भरून वाहत असला, तर बदलीला आणखी चार. डांबरी रस्त्यावर १०८ ची रुग्णवाहिका येऊन थांबते. तिथपर्यंतचा प्रवास माणसांच्या खांद्यावरून. ठाण्याच्या ग्रामीण भागातून अशा बातम्या पावसाळ्यात येतात आणि रस्ता का झाला नाही, असा सवाल होतो. तो व्हायलाच हवा. या प्रकरणात मात्र त्या खांद्यांकडे बघायचं आहे. हे आठ जण कोण? कुणाच्या हाकेला ते उठून येतात? आणि हीच बाई पन्नाशीची झाली, सत्तरीची झाली, तेव्हाही हेच आठ जण येतील का?

येणार नाहीत. बाळंतपणाच्या त्या रात्री येतात ते दीर, चुलतदीर आणि नवऱ्याचे सोबती. म्हणजे नवऱ्याच्या नात्याची माणसं. तिची स्वतःची म्हणावीत अशी माणसं त्या पाड्यावर अजून नसतातच. पन्नाशीत येतील ती तिची माणसं: मुलगा, पुतणे, बचत गटातल्या मैत्रिणींची पोरं. सत्तरीत यायला कुणी पाड्यावर असेल की नाही, हे महिना कोणता यावर ठरतं. दिवाळी उरकली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात. मधल्या काळात वाडीवर राहतात म्हातारी माणसं, आश्रमशाळेच्या सुट्टीत आलेली मुलं आणि कोंबड्या. चार खांदे जमवायचे तर शेजारच्या वाडीला सांगावा धाडावा लागतो.

माणसाच्या पाठीशी उभं राहणाऱ्या माणसांचा समाजशास्त्रात बराच बारकाईने अभ्यास झालेला आहे. जेम्स हाऊस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये या आधाराचे चार प्रकार सांगितले: मायेचा आधार, हातापायांचा किंवा पैशाचा आधार, माहितीचा आधार, आणि ‘तू करतोयस ते बरोबर आहे’ असं सांगणारा आधार. झोळी उचलणारे दुसऱ्या प्रकारातले. आशा सेविका तिसऱ्या. आणि बाळंतिणीच्या उशाशी बसून ‘पहिल्या टायमाला असंच होतं गो’ म्हणणारी म्हातारी पहिल्या आणि चौथ्या प्रकारात एकाच वेळी बसते.

हा विषय नुसता भावनेचा नाही. लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ७,००० प्रौढ माणसांवर त्यांनी नऊ वर्षं नजर ठेवली होती. ज्यांचे नातेसंबंध सर्वांत कमी होते, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त संबंध असलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघालं. त्यांच्या सवयी, पैसा, आधीची दुखणी हे सगळं हिशेबात धरल्यावरही फरक उरलाच. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी असे १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तीन लाखांवर माणसांचे. निष्कर्ष त्याच दिशेचा. माणसं असणं ही तब्येतीची बाब आहे.

पण ही माणसं आयुष्यभर तीच नसतात. रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची यांनी १९८० मध्ये यासाठी ‘तांड्या’ची कल्पना मांडली. प्रत्येक जण आपला तांडा घेऊन आयुष्य कापत असतो. वाटेत काही गळतात, काही नव्याने सामील होतात, काही मागून पुढे येतात. हे मोजायची त्यांची रीत अगदी साधी. कागदावर मधोमध ‘मी’ लिहायचं आणि भोवती तीन वर्तुळं काढायची. ज्यांच्यावाचून जगण्याची कल्पनाही करवत नाही, ती माणसं सगळ्यांत आतल्या वर्तुळात. त्याहून थोडी कमी जवळची दुसऱ्यात. तरीही आयुष्यात महत्त्वाची अशी तिसऱ्यात. वर्षांमागून वर्षं तेच चित्र पुन्हा काढून घेतलं की तांडा कसा बदलला ते दिसतं.

आहेराची वही

शहापूर-मुरबाडकडे घरोघरी अशीच एक नोंद असते. अमेरिकेतल्या कागदापेक्षा ती मला जास्त विश्वासाची वाटते, कारण ती कुणा संशोधकासाठी केलेली नसते. ती म्हणजे लग्नातल्या आहेराची वही. मांडवाच्या कडेला टेबल टाकून दोघं बसतात. एक पैसे मोजतो, दुसरा लिहितो. लिहिणारा बहुधा कॉलेजात जाणारा पुतण्या किंवा भाचा, अक्षर बरं असलेला. आडव्या रेघा मारलेल्या लांब वहीत नाव, गाव आणि रक्कम. नाव एकट्याचं नसतं, ‘आसनगावचे पाहुणे’ किंवा ‘भट्टीवरचे दोस्त’ असंही असतं. जुन्या वहीत रु. ११ आणि पितळी तांब्या, मधल्या वहीत रु. १०१ आणि स्टीलचा डबा, अलीकडच्या वहीत रु. ५०१ आणि फोनवरून पाठवलेल्या रकमा. लग्न झालं की वही ट्रंकेत जाते, आणि त्यातल्या कुणाच्या घरी कार्य निघालं की बाहेर येते. त्यांनी आपल्याला किती केलं होतं ते बघायचं, आणि आपण त्याहून थोडं जास्त करायचं. बरोबरीचं केलं तर हिशेब मिटतो, आणि हिशेब मिटवायचा कुणालाच नसतो.

एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या वह्या शेजारी ठेवून वाचल्या, तर कोणती गावं गळली, कोणती आली, आईकडची माणसं कधीपर्यंत टिकली, कारखान्यातली माणसं कोणत्या लग्नापासून दिसायला लागली, हे सगळं कळतं. एखाद्या विद्यापीठाने हे काम हाती घ्यायला हरकत नाही.

अँटोनुची यांनी पुढे ‘आधाराची बँक’ अशीही एक कल्पना मांडली. अंगात जोर असताना माणूस दुसऱ्यांसाठी करतो ती ठेव, आणि म्हातारपणी मिळतं ते त्या ठेवीतून काढलेलं. म्हणूनच म्हातारपणी घेणं जास्त आणि देणं कमी झालं तरी माणसाला ओशाळं वाटत नाही. हे बऱ्याच अंशी पटतं, पण आपल्याकडे सगळ्याच ठेवी सारख्या टिकत नाहीत. सावडीचं बघा.

इकडची शेती भाताची. उन्हात राब भाजायचा, पहिल्या पावसावर पेरायचं आणि जुलैत पाऊस लागला की आवणी. चिखलणी झालेलं शेत थांबत नाही, रोपंही थांबत नाहीत, आणि घरची दोन-तीन माणसं वेळेत उरकू शकत नाहीत. म्हणून सावड. आज दहा बाया माझ्या खाचरात, उद्या त्याच दहा तुझ्या. बाईच्या दिवसाला बाईचा दिवस, नांगराच्या दिवसाला नांगराचा. कागदावर काही नाही, पण चूक एका दिवसाचीही होत नाही. गुडघाभर चिखलात वाकून, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन मागे मागे सरकत लावणाऱ्या बायांची रांग ही नव्या सुनेची गावाशी पहिली खरी ओळख असते. घरात ती सासूच्या नजरेखाली असते, इथे रांगेत तिच्या बरोबरीच्या चौघी असतात.

या सावडीचा नियम मात्र निर्दय आहे. ती शरीराच्या नाण्यात चालते. कंबर गेली, गुडघे गेले की माणूस सावडीतून आपोआप बाहेर. कुणी काढत नाही, बोलावणं येत नाही इतकंच. तीस वर्षं दुसऱ्यांच्या खाचरात वाकलेल्या बाईची ती ठेव कुठेच जमा नसते, आहेराची असते. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या माणसाला लग्नाचं आमंत्रण न चुकता येतं, पण आवणीला रोजाने मजूर शोधावे लागतात. आता तरुण पोरं आसनगावच्या आणि मुरबाडच्या कारखान्यांत जातात, सावडच विरळ होत चालली आहे, त्यामुळे हा भेद पुसट होतोय. तो चांगल्या अर्थाने पुसट होत नाही, एवढंच.

विशीतला मोठा घोळका

तरुणपणी माणसाचा गोतावळा सर्वांत मोठा असतो, हे बहुतेक ठिकाणी आढळलं आहे. कॉर्नेलिया व्रत्सुस आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २७७ अभ्यास एकत्र करून दाखवलं, की ओळखीची माणसं तरुणपणापर्यंत वाढत जातात आणि मग हळूहळू घटत राहतात. नात्यातल्या माणसांचा आकडा मात्र फारसा हलत नाही. २०१६ मध्ये कुणाल भट्टाचार्य, रॉबिन डनबार आणि मंडळींनी युरोपातल्या एका देशातल्या लाखो मोबाइल ग्राहकांचे कॉल तपासले. माणूस सर्वांत जास्त जणांना फोन करतो तो पंचविशीच्या आसपास. त्यात एक बारकावा असा, की तरुणपणी पुरुष बायकांपेक्षा जास्त जणांशी बोलतात आणि चाळिशीच्या आत-बाहेर हे चित्र उलटतं. पुढे बायकांचा गोतावळा मोठा राहतो.

हा बारकावा मला शहापूर-मुरबाडच्या बाबतीत सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि या प्रकरणाचा मुद्दाही तोच आहे. इथे बाईचा गोतावळा विशीत एका दिवसात तुटतो, म्हणून तो पुन्हा उभा करायची कला तिला शिकावीच लागते. पुरुषाचा कधी तुटतच नाही. तुटतो तेव्हा तो साठीत असतो, आणि शिकायचं वय निघून गेलेलं असतं.

विशीतला पोरगा बघा. टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा संघ, गोविंदा पथक, गणपतीचं मंडळ, कबड्डी, आश्रमशाळेची बॅच, कारखान्यातली पाळी. यातले निम्मेअधिक भावकीतले. ही माणसं जिवाला जीव देणारी असतात, पण नोकरी लावून देण्याच्या कामी फारशी येत नाहीत, कारण जे आपल्याला ठाऊक नाही ते त्यांनाही ठाऊक नसतं. मार्क ग्रॅनोव्हेटरने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात विचारलं होतं, की ज्याच्या ओळखीने नोकरी लागली त्याला तुम्ही कितीदा भेटत होता? वरचेवर भेटणारा असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांची ती ओळख अधूनमधून किंवा क्वचित भेटणारी होती. १९७३ चा त्याचा लेख यामुळेच गाजला. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेल्या कुणालाही विचारा, ‘कुणाच्या वशिल्याने?’ उत्तर बहुधा मामाच्या गावचा कुणी सुपरवायझर, मेहुण्याचा मित्र असंच येतं.

मुलीचं तसं नाही. बारावीपर्यंत तिला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास असतो, आणि त्या गाडीतल्या मैत्रिणी हाच तिचा गोतावळा. क्रिकेटच्या संघाला जसं मैदान असतं तसं तिला गावात उघड बसायला ठिकाण नसतं. पाणवठा होता. शहापुरात तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत; तानसा १८९२ पासून. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघितली जाते. विहिरीवर नंबर लावून बसलेल्या बायकांच्या गप्पा हा मोठा आधार असतो असं लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी डोक्यावर तीन हंडे घेतलेले नाहीत, त्यांनी पाणवठ्याचं कौतुक जरा बेताने करावं.

लग्न झालं की हा गोतावळा संपतो. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या ग्रंथात भारतातल्या नात्यांचे प्रदेश मांडले, त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधला. उत्तरेकडे मुलगी सहसा अनोळखी घरात जाते. दक्षिणेकडे पुष्कळदा नात्यातच. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक जातींत होती, काही ठिकाणी अजून आहे. सासू ही आत्याच असली तर तुटणं जरा सुसह्य होतं. सोयरिकीही लांबच्या नसत, सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावरच्या. पहिलं बाळंतपण माहेरी करण्यामागेही हीच समज आहे. सासरी अजून तिची कुणी नाहीत, तेव्हा नाजूक वेळेला तिला तिच्या माणसांत ठेवा.

राज्य सरकारने १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट केलं. त्यावर टीका करणाऱ्यांनी महामंडळाच्या तोट्याचे आकडे मांडले. ते मांडणं रास्तच आहे. पण रेल्वे नसलेल्या मुरबाडमध्ये याचा एक परिणाम सरळ दिसतो. माहेरी जायला आता नवऱ्याकडे पूर्ण भाड्याचे पैसे मागावे लागत नाहीत. आजारी आईला बघायला जाऊन त्याच दिवशी परतता येतं. लग्नात तुटलेला धागा अर्ध्या तिकिटात थोडा जोडता येतो.

उचल

आधार देणारा हात कधी कधी गळ्याला लागतो, हे सांगितल्याशिवाय ठाणे जिल्ह्याबद्दल लिहिणं खोटेपणाचं होईल. लग्न हा सगळ्यांत मोठ्या खर्चाचा टप्पा, आणि ज्याच्या भावकीकडेच काही नाही त्याने जायचं कुणाकडे? तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी-उंबरगाव पट्ट्यात वारली तरुण लग्नापुरते पैसे जमीनदाराकडून घेत आणि त्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, आणि त्यानंतर गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जो वारल्यांचा लढा उभा राहिला त्यात वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांचा अंत ही मागणी होती. टिटवाळा शहापूरच्या वेशीपासून फार लांब नाही.

कायद्याने वेठबिगारी १९७६ मध्ये संपली. विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून याच जिल्ह्यात किती वेठबिगार सोडवले, हे पाहिलं तर कायदा आणि वाडी यांच्यातलं अंतर कळतं. आज कातकऱ्याची अडचण भागवते ती भट्टीमालकाची उचल, म्हणजे पुढच्या कामापोटी आगाऊ दिलेले पैसे. पावसाळ्यात काम नसतं, घरात कुणी आजारी पडतं, लग्न निघतं. तेव्हा मालकाचा मुकादम येऊन रोख रक्कम हातावर ठेवतो. संकटात सर्वांत आधी धावून येणारा माणूस तोच असतो. तीन वर्तुळांचा कागद समोर ठेवला तर कातकरी माणूस मुकादमाचं नाव कुठे लिहील? अमेरिकी मोजणीत असा माणूस बसत नाही. इथे बसवावा लागतो, आणि अगदी आतल्या वर्तुळाजवळ.

आणि त्या वर्तुळाला पर्याय उभा राहिला तरच उचल सुटते. शहापुरात कातकरी तरुणांनी एकत्र येऊन वनधन केंद्रामार्फत गुळवेल विकण्याचं काम उभं केलं, त्याची दखल देशभर घेतली गेली. गुळवेलीतून किती पैसे सुटले हा एक भाग झाला. मुकादमाच्या आधी ज्याला हाक मारता येईल असं कुणीतरी वाडीवर तयार झालं, हा दुसरा. आणि माझ्या मते जास्त वजनाचा.

चाळिशीतली बैठक

बचत गटाची बैठक पाहिलेली नसेल तर जरूर पाहावी. दुपारची जेवणं उरकल्यावर अंगणवाडीच्या ओट्यावर चटई. दहा-पंधरा बायका गोल करून बसतात. हजेरी. प्रत्येकीचे शंभर रुपये, त्यातले काही सुटे, पदराच्या गाठीतून. न आलेलीला दंड. मग कर्जाची मागणी, आणि इथे खरी बैठक सुरू होते.

‘कशाला पायजेत पाच हजार?’

‘पोराची फी हाय.’

‘फी तर तू जूनमधी भरली ना?’

मग ती गप्प बसते आणि थोड्या वेळाने नवऱ्याचं दुखणं, किंवा पिणं, किंवा सुनेचं निघून जाणं बाहेर येतं. कर्जाचं कारण विचारण्याचा नियम बँकेच्या शिस्तीसाठी केलेला. त्यातून घरातलं न सांगण्याजोगं सांगण्याची एक ठरलेली वेळ तयार झाली. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ चं, नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली १९९२ मध्ये, ‘उमेद’ अभियान २०११ चं. या सगळ्यांच्या अहवालांत बचतीचे आणि कर्जाचे आकडे असतात. ज्या बाईला लग्नानंतर वीस वर्षं कुणीतरी ‘अमक्याची सून’ म्हणूनच ओळखत होतं, तिला तिच्या नावाने हाक मारणाऱ्या बारा जणी मिळाल्या, याचा रकाना त्या अहवालात नसतो.

त्याच वयात तिचा नवरा, विशेषतः आसनगाव, आटगाव, खर्डी पट्ट्यातला, पहाटेच्या लोकलमध्ये असतो. कसारा मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटर. जाऊन-येऊन दिवसाचे चार-पाच तास गाडीत. साहजिकच गाडीतच त्याचं दुसरं गाव वसतं. ठरलेला डबा, ठरलेली खिडकी, चौथ्या सीटवर आलटून-पालटून बसणं, टाळ-ढोलकीचं भजन, दसऱ्याला डब्याला तोरण. कुणाची मुलगी लग्नाची आहे, कुणाला रक्त हवंय, कुणाच्या साहेबाने मेमो दिला, सगळं या मंडळींना ठाऊक. आहेराच्या वहीत ‘लोकल ग्रुप’ अशी नोंद असते, आणि रक्कम भावकीपेक्षा जास्त असते.

मग तो निवृत्त होतो आणि पास संपतो.

पास संपल्यावर

निवृत्तीच्या महिन्यात गाडीतली मंडळी नारळ-शाल देतात, फोटो काढतात. पुढचं वर्षभर फोन चालतो. पण ही मैत्री वेळापत्रकावर उभी असते. त्या गाडीत तुम्ही नसलात की विषयच संपतात. आणि गावात? गावात तो पस्तीस वर्षं फक्त झोपायला येत होता. पारावर बसणाऱ्यांच्या बोलण्यातले संदर्भ त्याला कळत नाहीत, सावडीत तो कधी नव्हताच, भजनी मंडळात त्याची जागा दुसऱ्याने कधीच घेतली. गावात कुणाकडे काय चाललंय हे त्याला कळतं ते बायकोकडून. पुढे बायको गेली तर तिच्यामार्फत असलेलं गावही त्याच्यासाठी जातं. जोडीदार गेल्याचा फटका पुरुषाच्या तब्येतीला जास्त बसतो, असं अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळलंय. त्याचं हे एक कारण असावं.

स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांचं म्हणणं असं, की म्हातारपणी गोतावळा आटतो तो पुष्कळदा माणूस स्वतःच आटवतो म्हणून. पुढचा काळ थोडा आहे हे कळलं की तो किरकोळ ओळखी सोडून देतो आणि जिवाभावाच्या माणसांनाच वेळ देतो. त्यात तो समाधानीही असतो. हे खरं आहे, पण निवड करायला समोर माणसं असावी लागतात. मुलं कल्याण, बदलापूर, डोंबिवलीच्या चाळीत नाहीतर फ्लॅटमध्ये राहायला गेली, भावकीतला बरोबरीचा एकेक जण गेला, यात निवड कसली? मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांवर प्रौढांची जी पाहणी केली, तिच्यात साठीपुढच्यांपैकी सुमारे ६ टक्के एकटे राहताना आढळले. आकडा लहान वाटतो. पण घरात माणसं असूनही दिवसभर ज्यांच्याशी कुणी बोलत नाही ते यात नाहीत.

विधवांचं दुःख वेगळं. हळदीकुंकू, ओटी, सुवासिनींच्या पंगती हे बायकांच्या मिसळण्याचे ठरलेले प्रसंग. नवरा गेला की नेमक्या गरजेच्या वेळी ती दारं बंद होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. ठराव पुष्कळ ठिकाणी झाले. पाळले किती ठिकाणी जातात, हे संक्रांतीला गावात जाऊन बघावं.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाने मात्र निराळीच वाट काढली. ८ मार्च २०१६ ला तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत. गावात शिवचरित्राचं वाचन होई, ते ऐकताना आपल्यालाही वाचता आलं असतं तर, असं म्हाताऱ्या बोलल्या, हे निमित्त. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका, गुलाबी साडीचा गणवेश, पाठीवर दप्तर, हातात पाटी-पेन्सिल. वेळ दुपारी दोन ते चार; सकाळची कामं आवरलेली आणि संध्याकाळची चूल अजून लांब. शिकवायला गावातलीच सून. तिची सासूही वर्गात.

देशोदेशीच्या वाहिन्यांनी गुलाबी साड्यांची चित्रं दाखवली, अंगठ्याऐवजी सही करणाऱ्या आजीचं कौतुक केलं. सही येणं मोठंच. पण पंच्याहत्तराव्या वर्षी अक्षर किती लक्षात राहतं, डोळे किती साथ देतात, या निकषावर ही शाळा मोजू नये. त्या दोन तासांत सुवासिनी आणि विधवा एकाच वर्गात आणि एकाच रंगात बसतात. नाहीतर विधवेच्या साडीचा रंग कोणता, हे गाव ठरवत असे. एखादी आली नाही तर ‘आज का नाही आली?’ म्हणून विचारायला तिच्या घरी कुणीतरी जातं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने एवढी एक चौकशी महिन्याच्या दीड हजाराच्या श्रावणबाळ अनुदानाच्या तोडीची आहे.

या शाळेला लागलं काय? एक खोली, पाट्या, शिकवणारी एक सून, ठरलेली वेळ आणि यायला सांगण्याजोगं कारण. शेवटच्या दोन गोष्टी सगळ्यांत महत्त्वाच्या. ‘एकटेपणा घालवायला या’ म्हटलं असतं तर एकही आजी आली नसती. ‘शाळेत या’ म्हटल्यावर आल्या.

शहापूर-मुरबाडच्या गावोगावी समाजमंदिरं आहेत. लग्न-सप्ताह सोडले तर त्यांना कुलूप असतं. गावात निवृत्त रेल्वेवाले, गिरणीवाले, कारखान्यातून सुटलेले आजोबा आहेत, ज्यांना फिटिंगपासून वायरिंगपर्यंत आणि तबल्यापासून हिशेबापर्यंत काही ना काही येतं, आणि दुपारी दोन ते चार ते ओटीवर एकटे बसलेले असतात. त्यांना शिकायला बोलावलं तर येणार नाहीत. शिकवायला बोलावलं तर येतील, असा माझा अंदाज आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडायला खर्च काही नाही. तुमचं गाव यातलं असेल तर कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, एवढी चौकशी आधी करा.